आधी वहीत, मग काचेत

पत्र : शिरपूर तालुक्यातल्या एका शिक्षण संस्थेत मी इतिहास शिकवते. संस्थेच्या जुन्या वाड्यात, धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) दोन खोल्यांत, गावोगावच्या लोकांनी दिलेल्या साधारण चारशे वस्तू आहेत. मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), तांब्याची नाणी, दोन तलवारी, एक ठासणीची बंदूक, घरोट, मांड्यांची खापरं, गोधड्या, पागोटी, पावरा लोकांचे चांदीचे दागिने. कोणी काय दिलं ते आधीच्या सरांना पाठ होतं, ते आता हयात नाहीत. नोंदवही नाही. वर्धापनदिनाला पाच महिने आहेत आणि अध्यक्षांना तोवर सगळं काचेच्या कपाटात चकाचक मांडलेलं हवंय. चिंच-मीठ घेऊन मुलं तयारच आहेत. रुमालांना कसर लागली आहे. एका तलवारीच्या मूळ घरातला मुलगा ती परत मागतोय. या कामाचं शिक्षण मी घेतलेलं नाही, विचारायला जवळ कोणी नाही. कुठून सुरू करू?

उत्तर :

ताई, नमस्कार.

चिंच-मीठ आजच्या आज थांबवा. बाकी सगळं उद्यापासून केलं तरी चालेल, पण हे नाही. तांब्यावर काळसर-तपकिरी थर असतो, तो मळ नव्हे. धातूची हवेशी वर्षानुवर्षं प्रक्रिया होऊन तो तयार होतो आणि खालचा धातू राखतो. चिंचेतलं आम्ल हा थर खातं, मिठातले क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत शिरून बसतात. नाणं त्या दिवशी गुलाबी-लाल चमकतं. पावसाळा आला की त्यावर फिकट हिरवे, पिठासारखे ठिपके उठतात, बोटानं झटकले तर भुकटी पडते. हा रोग एकदा लागला की आतपर्यंत पोखरतो. तुमच्या नाण्यांत शिवराया असणारच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. उत्तरकाळातल्या दुदांडी शिवराईवर मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतात. ही अक्षरं मुळात उथळ, त्यात ठशाचा अर्धा भाग नाण्याबाहेर गेलेला. एक नाणं कोणत्या काळातलं, कोणत्या ठशाचं, हे त्या दोन रेघांच्या जाडीवर आणि एखाद्या टिंबावर ठरतं. घासलं की नेमकं तेच जातं आणि परत आणता येत नाही.

आत्ता हिरवे पिठाळ ठिपके असलेली नाणी दिसत असतील तर ती वेगळी काढा. हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) ठेवा, वजनानं नाण्यांच्या वजनाइतकं तरी, आणि जेल नाण्यांना टेकू देऊ नका. जेलचा रंग बदलला की ते ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. ठिपके खरवडायचे नाहीत. डबा बंद ठेवून जाणकाराची वाट पाहायची. निरोगी नाण्यांना मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटकण्यापलीकडे काही करू नका. नाण्यांच्या अल्बमची चिवट वास येणारी प्लास्टिकची पानं पीव्हीसीची असतात. त्यांतून आम्ल सुटतं आणि नाण्यांवर हिरवट चिकटा येतो. साध्या कागदी पाकिटात एकेक नाणं ठेवा, पाकिटावर आधी पेन्सिलीनं लिहा, मग नाणं घाला.

चांदीचंही तेच. टूथपेस्ट, रांगोळी, पॉलिशची भुकटी यांनी दर वेळी चांदीचा एक पापुद्रा जातो. पावरा दागिन्यांवरच्या ठोक्यांच्या कडा, अंगावर वापरून झालेली झीज, कडीत अडकलेला जुना धागा, हे सगळं त्या दागिन्याबद्दल काही सांगत असतं. लोखंडी तलवारींना खोबरेल लावायचा मोह होतो. तेल काही महिन्यांत चिकट होतं, धूळ धरतं आणि त्या धुळीखाली गंज चढतो. तलवार कोरड्या सुती कापडानं पुसा, हातमोजे घाला. घामाच्या बोटांचे ठसे लोखंडावर गंजून कायमचे उमटतात.

आता मुख्य काम. ते म्हणजे वही.

तुमच्याकडच्या वस्तूंचं सर्वांत मोठं नुकसान कसरीनं केलेलं नाही. सर गेले तेव्हा ते झालं. तलवार कोणाच्या घरची, रुमाल कोणत्या वतनाचा, हे हरवलं की उरतं ते भंगाराच्या दुकानातही मिळणारं लोखंड आणि रद्दी. म्हणून मांडणी थांबली तर थांबू दे, नोंद थांबू नये. अध्यक्षांना हे स्पष्ट सांगा, आणि सोबत हेही सांगा की वर्धापनदिनाला चारशे नव्हे, चाळीस वस्तू मांडू. प्रत्येकीचा इतिहास खाली लिहिलेला असेल. पाहुण्यांच्या लक्षात त्याच राहतील.

वही शिवलेल्या बांधणीची घ्या, सुट्या पानांची फाइल नको. पहिल्या दिवशीच सगळ्या पानांवर क्रमांक घाला, म्हणजे पान फाडलेलं कळतं. लिहायला काळी, न पुसणारी रंगद्रव्याची शाई वापरा. साध्या बॉलपेनची निळी शाई फिकी पडते. चुकलं तर एक आडवी रेघ मारा आणि सही करून पुढे लिहा. व्हाइटनर नाही. संगणकावरचा तक्ता हवाच, पण तो वहीवरून करायचा, वहीऐवजी नाही. मोठ्या सरकारी संग्रहालयांत पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेनं तयार केलेली ‘जतन’ ही प्रणाली वापरतात. चारशे वस्तूंना साधं स्प्रेडशीट पुरे.

क्रमांकाची पद्धत सोपी ठेवा : वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी, त्या देणगीतली कितवी वस्तू. २०२५.७.३ म्हणजे २०२५ साली आलेल्या सातव्या देणगीतली तिसरी वस्तू. प्रकार क्रमांकात घुसवू नका. ‘ना’ म्हणजे नाणी, ‘श’ म्हणजे शस्त्रं असं सुरू केलं की नाणं जडवलेला हार आला की गाडी अडते. देणारा माहीत नसलेल्या जुन्या वस्तूंना मधे ‘आ’ घाला, म्हणजे ‘संग्रहात आढळली’ : २०२५.आ.१, २०२५.आ.२. पुढे देणारा सापडला तरी क्रमांक बदलायचा नाही, शेऱ्यात लिहायचं. वस्तू हरवली, फुटली, परत गेली तरी तिचा क्रमांक दुसरीला द्यायचा नाही.

काम प्रकारावार करू नका, जागेवार करा. दारापासून डावीकडून सुरू करा. एक कपाट, वरचा कप्पा, डावीकडून उजवीकडे. कप्पा संपला की दोऱ्यानं चिठ्ठी लावा : ‘नोंद झाली’. प्रकारावार गेलात की अर्ध्या वस्तू दोनदा मोजल्या जातात आणि कोपऱ्यातल्या राहून जातात. दोघांची जोडी हवी, एक जण हाताळतो आणि मोजतो, दुसरा लिहितो. एकटीनं केलं की एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात खापर, मग खापर फुटतं. जोडीनं सावकाश केलं तर दिवसाला पंधरा वस्तू होतात, म्हणजे पाच महिन्यांच्या आतच काम उरकतं.

नोंद कशी दिसावी, ते एका खापरावर पाहू :

*२०२५.आ.३१. खापर, मांडे भाजण्याचं. भाजलेली माती. व्यास ४१ सेंमी, उंची १६ सेंमी. उपडं ठेवून वापरलेलं : आतून जाड काजळी, बाहेरून मधोमध गुळगुळीत, फिकट. ओठावर ३ सेंमी टवका, जुना. तळाशी केसासारखा तडा, ९ सेंमी. खूण किंवा अक्षर नाही. कोणी दिलं : माहीत नाही. ठिकाण : खोली २, कपाट ४, खालचा कप्पा. फोटो : ३. नोंदणारे, तारीख.*

यात ‘सुंदर’, ‘अतिप्राचीन’, ‘दुर्मिळ’ असा एकही शब्द नाही. दिसतं ते लिहायचं. आतली काजळी लिहिली म्हणून ते चुलीवर उपडं ठेवलं जायचं हे कळतं, आणि म्हणूनच ती काजळी धुवायची नाही. वस्तूचं नाव देणाऱ्याच्या घरी बोलतात तसं आधी लिहा, मग कंसात प्रमाण मराठीतलं : घरोट (जातं). पावरा आणि भिल्ल घरांतून आलेल्या दागिन्यांची नावं त्याच घरांतल्या बायकांना विचारून लिहा. पुस्तकातून अंदाजे लावलेलं नाव बहुधा चुकतं.

सरांबरोबर गेलेली माहिती पूर्ण गेली असं समजू नका. तीन जागा शोधा. संस्थेच्या सभांची इतिवृत्तं, कारण देणगी स्वीकारल्याचा ठराव तिथे एका ओळीत असतो. शाळेची जुनी वार्षिकं. आणि उद्घाटनाचे फोटो, ज्यांत मागच्या कपाटातली वस्तू आणि शेजारी उभा देणारा दोन्ही सापडू शकतात. मग नोंदवलेल्या वस्तूंचे फोटो, एका पानावर चार, खाली मोठ्या अक्षरात क्रमांक, असे छापून घ्या आणि ज्या गावांतून वस्तू आल्या असं वाटतं तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. प्रश्न ‘ही तुमची का?’ असा विचारू नका, सगळे हो म्हणतील. ‘हे काय आहे, कुठे पाहिलंत?’ असं विचारा. मिळेल ते उत्तर ‘ऐकीव’ असा शेरा मारून, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून लिहा. दोन माणसांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा. या कामाला पुढच्या वर्षावर टाकू नका. सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत.

क्रमांक वस्तूवर कसा घालायचा, यात बरंच बिघडतं. स्टिकर उन्हाळ्यात सुकून गळतात, गोंद मात्र वस्तूवर राहतो. नेलपॉलिश पिवळं पडून सोलतं. माती, दगड, लाकडाचा गुळगुळीत भाग आणि धातू यांवर पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून (शंभर मिलिलिटरला साधारण वीस ग्रॅम) दोन सेंटिमीटरची पट्टी लावतात. ती वाळली की त्यावर बारीक निबेनं काळ्या शाईत क्रमांक, मग वर पुन्हा एक पातळ हात. ॲसिटोननं कधीही निघतं, वस्तूला डाग राहत नाही. जागा अशी निवडा की मांडल्यावर दिसणार नाही पण वस्तू न उलटता वाचता येईल. कापडावर काही लिहायचं नाही. सुती फितीच्या तुकड्यावर क्रमांक लिहून तो कडेच्या शिवणीत दोन सैल टाक्यांनी अडकवा. कागदावर मऊ २बी पेन्सिल, मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, कागद कडक पाटीवर ठेवून. एचबी कागदावर घळ पाडते. नाणी आणि दागिन्यांवर लिहायचं नाही, पाकिटावर किंवा दोऱ्याच्या चिठ्ठीवर लिहायचं.

रुमालांकडे वळू. आधी ते बाकी संग्रहापासून दूर न्या आणि प्रत्येक रुमाल वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत घाला, नाहीतर कसर गोधड्यांत जाईल. उन्हात टाकू नका. आपल्याकडचं मेमधलं ऊन कागद एका दुपारी ठिसूळ करतं आणि किडा मात्र घडीच्या आत सरकून जगतो. डांबराच्या गोळ्या बंद खोलीत तुमच्याच फुप्फुसांना वाईट, आणि अंडी त्यांनी मरत नाहीत. खात्रीचा उपाय थंडी आहे. पिशवीतली हवा दाबून काढा, तोंड टेपनं घट्ट बंद करा, आणखी एका पिशवीत घाला, आणि उणे १८ ते उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. आइसक्रीमचा आडवा फ्रीझर चालतो, त्या काळात तो उघडझाप होता कामा नये. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका. लगेच उघडली की थंड कागदावर पाणी धरतं आणि काजळीची शाई पसरते. लाखेच्या मोहरा, काचेवरचे फोटो, तैलचित्रं आणि जडावाचं लाकूड फ्रीझरमध्ये घालू नका. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर तो वेगळा मामला आहे : एन-९५ मास्क लावा, उघड्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, कागद पूर्ण कोरडा झाल्यावर मऊ ब्रशनं झटका.

नंतर रुमाल उघडताना क्रम मोडू नका. दप्तरदारानं बांधलेली गठ्ठ्याची घडी हीच एक माहिती असते. कोणत्या कागदासोबत कोणता ठेवला होता यावरून प्रकरण कळतं. प्रत्येक कागदाला त्याच क्रमानं क्रमांक द्या. लाल-पिवळ्या रंगीत कापडाऐवजी खळ धुऊन काढलेला, न रंगवलेला मांजरपाट वापरा. वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, कागदाला टेकू देऊ नका. सेलोटेप, फेविकॉल आणि लॅमिनेशन हे तीन शत्रू आहेत, त्यातही लॅमिनेशन सर्वांत वाईट, कारण ते काढताना कागदच जातो. फाटलेले तुकडे एका पाकिटात जपून ठेवा. जोडायचं काम जपानी टिश्यू (अतिशय पातळ कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरणारा प्रशिक्षित माणूस करील.

तारखांबद्दल एक सावधगिरी. मोडी कागदांत शक, सुहूर आणि फसली अशी वेगवेगळी सालं येतात. शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येतो, सुहूरमध्ये ५९९ किंवा ६००, फसलीत ५९० किंवा ५९१. सुहूर सन बहुतेकदा आकड्यांत नसून इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा अशा अरबी संख्याशब्दांत असतो. नोंदीत आधी कागदावर आहे तसं उतरवा, रूपांतर शेजारी कंसात. नुसतं रूपांतर लिहिलं आणि ते एका वर्षानं चुकलं तर कोणालाही पकडता येत नाही. वाचनासाठी लांब जायला नको. धुळ्याचं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून नेमकं हेच काम करत आलं आहे. पत्र लिहून, वेळ घेऊन जा. धुळ्यातच श्री समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं जपलेली आहेत, ती कशी ठेवली आहेत ते डोळ्यांनी पाहून या.

खोल्यांचं काय? आपल्याकडे दोन टोकं आहेत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि हवा इतकी कोरडी की लाकूड तडकतं, चामडं आक्रसतं. मग जूनमध्ये पहिल्या दमदार पावसासरशी त्याच खोलीत ओल. वस्तूंना कोरडेपणापेक्षाही हा झोका मारतो. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत राहिली तर उत्तम, ६५च्या वर टिकली की बुरशी आलीच. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या आणि आधी तो तपासा. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ, ओलं होईल इतकेच पाण्याचे थेंब, झाकण आणि मापक एकाच बंद पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वाचनात ५ मिळवा. सकाळी दहा आणि दुपारी चार, रोज दोन आकडे भिंतीवरच्या कागदावर.

एक गोष्ट खान्देशातल्या प्रत्येक छोट्या संग्रहालयाला लागू आहे : डेझर्ट कूलर. दिवसभर तो ओली हवा फेकतो, संध्याकाळी बंद होतो, रात्री खोली पुन्हा सुकते. रोजचा हा झोका लाकडाचे सांधे आणि चित्रांचे रंग सोडवतो. कूलर माणसांच्या खोलीत ठेवा, वस्तूंच्या खोलीत साधा पंखा.

धाब्यावरची माती पावसाळ्याआधी पसरून, चोपून घ्या, पन्हाळी मोकळी करा, आणि कोणतंही कपाट छपराच्या गळक्या कडीखाली ठेवू नका. कपाटं भिंतीपासून दहा सेंटिमीटर आणि जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर दूर हवीत. वाळवी भिंतीतून मातीची नळी बांधत येते आणि ही फट ठेवली तर ती नळी दिसते. दर पंधरवड्याला टॉर्च लावून मागे बघा. कापडं आणि कागद जमिनीलगतच्या कप्प्यात नकोतच.

मांडणीचं थोडक्यात. प्लायवूड आणि एमडीएफमधून (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांतून) आम्लाच्या वाफा सुटतात, रंगवलेलं पत्र्याचं कपाट बरं, पण रंग दिल्यावर महिनाभर उघडं ठेवून मग वस्तू घाला. लोकरीचं कापड आणि रबर चांदी काळी करतात. तळाला धुतलेला मांजरपाट अंथरा. कागद आणि कापडावर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत, थेट ऊन कधीच नाही, आणि तीन-चार महिन्यांनी वस्तू बदला. गोधडी खिळ्यांनी टांगू नका, उतरत्या फळीवर पसरा. घडी घालून ठेवायची तर घडीत मांजरपाटाची सैल गुंडाळी घाला, नाहीतर घडीवर चिरते.

आता, ‘विचारायला कोणी नाही’ हे जे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल. संग्रहालयातली माणसं एकमेकांना आनंदानं मदत करतात, पण प्रश्न नीट गेला तरच. ‘ही तलवार किती जुनी?’ आणि एक तिरपा फोटो, याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. एक वस्तू, एक प्रश्न. फोटो पुढून, मागून, कडेनं आणि खूण असेल तिथे जवळून, राखाडी किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीवर, शेजारी सेंटिमीटरची पट्टी, खिडकीचा आडवा उजेड, फ्लॅश नाही. नाण्याला व्यास मिलिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत हवं. सराफाच्या काट्यावर करून मिळेल. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो दाबला जाऊन अक्षरं पुसट होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तुम्ही काय-काय करून पाहिलंत तेही लिहा. उत्तर मिळालं की नोंदीत कोणी, कधी सांगितलं ते घाला, आणि पुढे काय झालं ते त्या माणसाला कळवा. पुढच्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची ती वाट आहे. अनोळखी लोकांच्या गटात किंमत विचारू नका आणि कपाटाचे, कुलपाचे, खिडक्यांचे फोटो टाकू नका. चांदी आणि शस्त्रं कुठे आहेत हे जाहीर करण्यात शहाणपण नाही. संवर्धनाच्या प्रश्नांना मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळा, उत्खननातल्या खापऱ्यांना आणि दगडी हत्यारांना पुण्याचं डेक्कन कॉलेज, या ठिकाणी संस्थेच्या लेटरहेडवर लिहा. तुमच्या हाती क्रमांकांची वही असेल तर त्या पत्राला वजन येतं.

कायद्याच्या बाजूनं काही गोष्टी लगेच बघाव्या लागतील. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं. मूर्ती, चित्रं आणि सचित्र पोथ्या यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. खासगी संस्थेनं सरकारी संग्रहालयासारखी सूट गृहीत धरू नये. शेतात नांगरताना सापडलेलं नाण्यांचं मडकं कोणी देऊ केलं तर घेऊ नका. दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारक आहे, त्यांना कळवायला त्या शेतकऱ्याला मदत करा. हस्तिदंत, कातडी, शिंगं असतील तर वन विभागाला लेखी विचारा. बंदूक आत्ताच कुलपात ठेवा, नळीत बार भरलेला नाही याची खात्री जाणकाराकडून करून घ्या, स्वतः काडी घालून पाहू नका. जुन्या ठासणीच्या बंदुकीत दारू भरलेली असू शकते. ती चालण्याजोगी आहे की निव्वळ पुराणवस्तू, यावर परवान्याचा प्रश्न ठरतो, म्हणून फोटो आणि मोजमापांसह पोलिस ठाण्याला पत्र देऊन पोच घ्या. तलवारींचा उल्लेख त्याच पत्रात करा.

राहिली ती तलवार परत मागणारी व्यक्ती. त्यांच्याशी भांडू नका आणि तोंडी हो-नाही काहीही म्हणू नका. आधी इतिवृत्त पाहा : देणगी म्हणून घेतली की ठेवायला घेतली? लेखी काही सापडलं तर त्याची प्रत त्यांना दाखवा. काहीच सापडलं नाही तर त्यांच्याकडून लेखी मागणी घ्या, सोबत ते काय आठवतात ते, घरातले इतर वारस कोण ते. एका भावाला दिली आणि दुसरा उद्या आला, तर संस्थेच्या हाती काही उरत नाही. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर वस्तू न्यासाच्या मालमत्तेत गणल्या जातात, कोणा एका पदाधिकाऱ्याच्या शब्दावर ती देता येत नाही, विश्वस्तांचा ठराव हवा. परत द्यायचं ठरलं तर आधी सर्व बाजूंनी फोटो, मोजमाप, पात्यावरच्या खुणांचे जवळचे फोटो, सर्व वारसांच्या सह्यांची पावती, आणि वहीत त्या क्रमांकापुढे ‘परत, ठराव क्रमांक, तारीख’. बरेचदा असं होतं की घरातल्यांना तलवार नको असते, आजोबांचं नाव कुठेच दिसत नाही याचं दुःख असतं. म्हणून मागणी अर्ज घेताना आजोबांचं नाव, गाव आणि ती तलवार घरात कशी आली हे विचारून घ्या, आणि नावाची पट्टी लावून ती वर्धापनदिनाच्या चाळीसांत ठेवली तर चालेल का, तेही विचारा. पुढच्या प्रत्येक देणगीला मात्र एक पानी दानपत्र आधी, वस्तू नंतर : देणाऱ्याची सही, संस्थेची सही, दोन साक्षीदार, ‘कायमस्वरूपी आणि विनाअट’ हे शब्द. ‘सतत प्रदर्शनात ठेवू’ अशी अट कोणी घातली तर नम्रपणे नाही म्हणा, कारण कापड आणि कागद सतत उजेडात टिकत नाहीत. थोड्या काळासाठी घ्यायची असेल तर ती उसनवार पावतीवर, परतीची तारीख लिहून घ्या.